घाणेरी मुळासकट काढण्यासाठी तरफेचे हत्यार: कुठे उपयोगी, कुठे निरुपयोगी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुरंदर तालुक्याच्या पश्चिम भागात डोंगरउतारावर सुमारे दोन एकर खासगी जमीन आहे. बहुतेक भाग घाणेरीने (लँटाना) व्यापला आहे, बांधाच्या कडेने सुबाभळीची रोपे दाटली आहेत आणि ओढ्याकाठी वेडी बाभूळ आहे. दोनदा कोयत्याने साफ करूनही सगळे पुन्हा फुटले. परदेशात झुडूप बुंध्याशी पकडून तरफेने मुळासकट उपटण्याचे हत्यार मिळते; ते मागवावे, इथेच करून घ्यावे, की कुदळ-टिकावच बरे? आणि उपटल्यावर झुडूप परत फुटणार नाही ना?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत. घाणेरी तोडल्यावर फुटते ती तिच्या सगळ्या मुळांतून नव्हे. खोड जिथे संपते आणि सोटमूळ जिथे सुरू होते तो सांधा, म्हणजे मातीच्या पृष्ठभागालगतचा गाठाळ बुडखा, हे तिच्या धुमाऱ्यांचे मुख्य ठिकाण. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात या गोष्टीवर आधारलेली पद्धत वापरली आणि 2009 साली ती प्रसिद्ध केली. सोटमूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडायचे, अख्खे झुडूप उचलायचे आणि मुळे वर करून उलटे ठेवायचे, एवढेच तिचे सूत्र आहे. खाली राहिलेले मूळ कुजून जाते. कोयता जमिनीच्या चार बोटे वर चालतो, म्हणजे नेमका बुडखा शाबूत ठेवतो, आणि म्हणूनच एका खोडाच्या जागी पुढच्या पावसात आठ-दहा फुटवे दिसतात. आपल्या जमिनीवर दोनदा जे झाले ते साफसफाई नव्हती, ती छाटणी होती.

यावरून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. घाणेरीचे प्रत्येक मूळ शेवटच्या टोकापर्यंत निघालेच पाहिजे, हा आग्रह सोडून द्यावा. बुडखा निघाला की काम झाले. तरफेच्या हत्याराकडेही याच दृष्टीने पाहावे: ते मुळे खणत नाही, ते बुडखा उचलते. जिथे खोड धरून ओढले की बुडखा सोबत येतो तिथे ते उत्तम चालते, आणि जिथे ओढल्यावर खोडच तुटते तिथे ते निरुपयोगी ठरते.

हत्याराची रचना साधी आहे. खाली जमिनीवर टेकणारी पट्टी, तिच्यावर एक स्थिर आणि एक हलता जबडा, आणि हलत्या जबड्याला जोडलेला लांब दांडा. दांडा मागे ओढला की आधी जबडा खोडावर आवळतो आणि मग संपूर्ण हत्यार खालच्या पट्टीच्या मागच्या कडेवर कलते. ती कड हाच टेकू. जितके जोरात ओढावे तितकी पकड घट्ट होते. दांड्याचे टोक टेकूपासून 1.25 मीटरवर आणि जबडा 20 सेंटिमीटरवर असेल, तर आपला जोर सव्वासहा पट होतो. अंगाचा 30 किलो भार दांड्यावर टाकला की खोडाला सुमारे 185 किलोची ओढ बसते. याची किंमत अंतरात मोजावी लागते: दांडा मीटरभर खाली आला तरी झुडूप जेमतेम 16 सेंटिमीटर वर येते. बुडख्यापुरते पाहिले तर एवढे अंतर पुरेसे आहे. लांब सोटमूळ असलेल्या रोपाला मात्र जबडा खाली सरकवून दुसरा झटका द्यावा लागतो.

ही हत्यारे अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर स्कॉच ब्रूमसारख्या परक्या झुडपांसाठी लोकप्रिय झाली. ते झुडूप साधारणपणे एकाच सोटमुळावर उभे असते आणि त्याचे खोड चिवट असते. आपली घाणेरी तशी नाही, हा फरक विकत घेणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावा. तरुण घाणेरी एकदोन खोडांची असते आणि ती सहज निघते. जुनी घाणेरी म्हणजे एका बुडख्यातून निघालेली दहा-पंधरा खोडे, त्यांतील काही वाळलेली, काही वाकून जमिनीला टेकलेली आणि टेकलेल्या पेरांतून पुन्हा मुळे सोडलेली. अशा गचपणात जबडा एका खोडाला धरतो, ते खोड बुंध्याशी मोडते आणि बुडखा जागेवरच बसून राहतो.

त्यामुळे आपल्या जमिनीची वाटणी मी अशी करीन. अंगठ्याएवढ्या ते मनगटाएवढ्या जाडीची, एकदोन खोडांची घाणेरी आणि सुबाभळीची दोन-तीन वर्षांची रोपे तरफेने काढावीत. जुनी, जाळी झालेली घाणेरी टिकावाने बुडख्याखाली घाव घालून काढावी. वेडी बाभूळ हा वेगळा विषय आहे, त्याकडे पुढे येतो. करंगळीपेक्षा बारीक रोपांना हत्याराची गरजच नसते. ओल्या मातीतून ती हाताने निघतात आणि त्यांच्यासाठी जड हत्यार हलवत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे.

आता हंगाम. सारे काम वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेल्या स्थितीवर, अवलंबून आहे, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मे महिन्यात मुरमाड उतारावर कोणतीही तरफ लावा, एकतर खोड मोडेल नाहीतर दांडा वाकेल. पावसाची झड चालू असताना माती सैल असते, पण हत्याराची पट्टी चिखलात रुतते आणि झुडूप वर येण्याऐवजी हत्यारच खाली जाते. अशा वेळी पट्टीखाली फूटभर लांबीचा जाड फळीचा तुकडा ठेवतात, तरी काळ्या मातीत झड उघडून दोनतीन दिवस जाऊ द्यावेत हेच बरे. पहिले दमदार पाऊस पडून उघडीप मिळाली की जूनअखेर ते जुलै, आणि पुन्हा परतीच्या पावसानंतर ऑक्टोबरात, अशा दोन संधी मिळतात. यांतली पहिली मला अधिक पसंत आहे, कारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात घाणेरीला भरपूर काळी फळे धरतात, बुलबुल ती खातात आणि बिया आसपासच्या प्रत्येक झाडाखाली टाकतात. फळे पिकण्याआधी झुडूप निघाले तर पुढच्या वर्षीची निंदणी कमी होते. शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत गवत पेरायला तोच हंगाम लागतो.

प्रत्यक्ष काढणी कशी करावी ते एका झुडपावरून सांगतो, कारण बहुतेकांचे चुकते ते इथेच. आधी काठीने झुडूप चांगले हलवावे आणि बुंध्याशी काठी आपटावी. फुरसे, घोणस आणि विंचू यांना घाणेरीचा पालापाचोळा फार सोयीचा असतो. मग कोयत्याने वरचा पसारा छाटून कमरेएवढे खुंट ठेवावेत. पूर्ण छाटू नये, कारण पुढे उचलायला तेच हँडल. बुंध्याभोवतीचा पाचोळा आणि सुटे दगड पायाने बाजूला करून माती उघडी करावी. जबडा जमिनीला टेकेल इतका खाली लावावा. वीतभर वर लावला तर खोड वाकते आणि घाणेरीचे चौकोनी, आतून भेंडाळ खोड वाकले की मोडतेच. दांडा एकदम खेचू नये. आधी ताण येईपर्यंत ओढून दोनतीन श्वास तसेच थांबावे; बारीक मुळे तुटल्याचा कटकट आवाज येतो आणि बुंध्याभोवतीच्या मातीला गोल चीर पडते. ती चीर दिसली की मगच अंगाचा भार टाकावा. चीर न पडता खोडाची साल सोलू लागली, तर ओढणे थांबवून हत्यार विरुद्ध बाजूने लावावे किंवा त्या बाजूचे एक आडवे मूळ टिकावाने तोडावे. एका आडव्या मुळाने अडवून धरलेले झुडूप शंभर किलोच्या ओढीलाही दाद देत नाही आणि ते मूळ तोडल्यावर दोन हातांनी उचलले जाते.

निघालेला बुडखा एकदा हातात घेऊन नीट पाहावा. खोडाच्या तळाशी मुठीएवढी वा त्याहून लहान, खडबडीत गाठ दिसते, तिच्यावर जुन्या तोडीचे वाळके खुंट असतात आणि सालीच्या सुरकुत्यांत बारीक डोळे, म्हणजे नव्या फुटव्यांचे अंकुर, असतात. त्याखाली सालीचा पोत बदलतो, रंग फिका होतो आणि सोटमूळ सरळ खाली जाते. गाठीखालचे हे फिके मूळ बोटभर तरी सोबत आले असेल तर खड्ड्यात राहिलेल्या भागाची काळजी करू नये. गाठच अर्धी चिरून खाली राहिली असेल, तर त्याच वेळी टिकाव घेऊन ती काढावी. नंतर काढू म्हणून सोडलेली गाठ पंधरवड्यात मातीखाली आणि गवताखाली सापडेनाशी होते. कामावर येणाऱ्या माणसांना पहिल्या दिवशी हा बुडखा दाखवून दिला, की देखरेखीची निम्मी गरज संपते.

उताराबद्दल एक सूचना कटाक्षाने पाळावी. दांडा ओढणाऱ्याची पाठ कधीही दरीकडे असू नये. झुडूप अचानक सुटते आणि माणूस मागे फेकला जातो. सपाटीवर त्याने फक्त धूळ लागते, उतारावर मणका मोडू शकतो. हत्यार उताराला आडवे, म्हणजे समपातळीच्या रेषेत लावून बाजूला ओढावे, किंवा वरच्या अंगाला उभे राहून वरच्या दिशेने ओढावे. हातांनी ओढण्यापेक्षा हात सरळ ठेवून अंग मागे टाकावे, म्हणजे कंबर दुखत नाही. चामड्याचे हातमोजे, बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण छाटलेल्या फांद्या सपकन उसळतात आणि त्यांचे काटे उलटे वळलेले असतात.

उपटलेल्या झुडपाचे काय करायचे, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो आधी विचारायला हवा. पावसाळ्यात काढलेली घाणेरी ओल्या जमिनीवर आडवी टाकली तर तिची पेरे मुळे धरतात आणि महिन्याभरात ढीगच हिरवा होतो. प्रत्येक झुडूप मुळे वर करून, शक्यतो उघड्या कातळावर किंवा दगडांच्या बांधावर ठेवावे आणि मुळांवरची माती झटकून टाकावी. ओल्या मातीत काढायचे आणि कोरड्या जागी वाळवायचे, ही कसरत आपल्या हवामानात टळत नाही. पूर्ण वाळल्यावर त्याच काटक्यांचे आडवे थर समपातळीत रचून त्यांना खुंट्या ठोकल्या, तर वाहून जाणारी माती अडते. पेटवून देऊ नये. डोंगरावर लावलेली आग आपल्या दोन एकरांत थांबत नाही आणि आगीनंतरच्या उघड्या जमिनीवर पहिला हक्क सांगणारी घाणेरीच असते. गुरांनाही या ढिगांपासून दूर ठेवावे. पानांतील लँटाडीन या विषाने यकृत बिघडून कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. चाऱ्याची टंचाई असलेल्या भागांत अशी जनावरे पाहायला मिळतात. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरांतील सोलिग समाजाचे कारागीर घाणेरीच्या सरळ काठ्यांपासून सुंदर फर्निचर करतात, तसे काही करणारे हात आपल्याकडे मिळाले तर उत्तम. पण दोन एकरांच्या घाणेरीवर तसा उद्योग उभा राहील अशी आशा धरू नये.

एकदम सगळे साफ करण्याचा मोह होतो, विशेषतः मजूर मिळाले की. तो आवरावा. उपटणे म्हणजे माती उकरणे. दोन एकरांचा उतार जूनमध्ये उघडा पडला तर जुलैच्या पावसात त्याची वरची माती ओढ्यात जाईल, आणि उरलेल्या मातीत पडून असलेल्या घाणेरीच्या बियांना हवा तेवढा प्रकाश मिळेल. उताराला आडवे, आठ-दहा मीटर रुंदीचे पट्टे पाडावेत. एक पट्टा साफ करावा, त्याखालचा तसाच ठेवावा, आणि वरच्या पट्ट्यात गवत धरल्यावर पुढच्या वर्षी खालचा घ्यावा. प्रत्येक खड्डा लगेच पायाने दाबून बुजवावा. त्यावर पवना, मारवेल, डोंगरी अशा स्थानिक गवतांचे बी पसरावे; बी जवळच्याच रानातून हिवाळ्यात गोळा केलेले असेल तर फारच चांगले. घाणेरीला दाट गवत सोसत नाही, तिची रोपे उजेडाच्या शोधात असतात. गवताविना केलेली काढणी म्हणजे घाणेरीसाठी केलेली मशागत.

आणि जाळीत शिरण्याआधी तिथे दुसरे काय वाढते आहे ते पाहावे. गुरांच्या तोंडातून वाचलेली करवंद, धायटी, मुरुडशेंग, कधी एखादे ऐनाचे वा अंजनीचे रोप घाणेरीच्या काट्यांच्या आडोशाने उभे असते. त्यांना आधी रंगीत चिंधी बांधून घ्यावी. ज्याच्या हाती जोरदार हत्यार असते तो माणूस दुपारनंतर पाने पाहीनासा होतो, हे मी अनेक चांगल्या स्वयंसेवकांच्या बाबतीत पाहिले आहे.

सुबाभळीला तरफ खरोखर लागू पडते, घाणेरीपेक्षाही जास्त. तिचे एक खोड, एक सरळ सोटमूळ आणि चिवट लाकूड, हे सगळे या हत्याराला सोयीचे आहे. तीन-चार सेंटिमीटर जाडीपर्यंतची रोपे वाफशात दोन झटक्यांत निघतात. त्याहून जाड झाड तोडून बुंधा खणून काढावा लागतो, कारण नुसते तोडलेले सुबाभूळ अधिक जोमाने फुटते. मात्र तिचे बी कडक सालीचे असून मातीत अनेक वर्षे जिवंत राहते, तेव्हा शेंगा धरणारी मोठी झाडे कडेला तशीच ठेवून रोपे उपटत राहणे व्यर्थ आहे. आधी शेंगा थांबवाव्यात, मग रोपांकडे वळावे.

वेड्या बाभळीसाठी तरफेवर पैसे घालू नयेत. तिचे डोळे जमिनीखालच्या बुंध्यावरही असतात. वरवर ओढून मूळ उथळ तुटले तर एका बाभळीच्या जागी काट्यांचा झुबका उभा राहतो. लहान रोपे पूर्ण मुळासकट आली तर ठीक. मोठ्या झाडाचे मूळ किमान वीतभर, शक्य तर फूटभर खोल खणूनच तोडावे. ओढ्याच्या काठावर तर एवढे खणण्याआधी काठ ढासळेल का याचाही विचार करावा आणि तिथे करंज, उंबर किंवा वाळुंज लावून दोनतीन वर्षांत हळूहळू बदल घडवावा. ओढ्याकाठी तणनाशक फवारण्याचा सल्ला कोणी देईल. तो मी देणार नाही, कारण खाली ते पाणी पिणारी माणसे आणि गुरे असतात.

हत्यार मागवावे की करून घ्यावे? परदेशी हत्यारे लहान-मोठ्या मापांत येतात, साधारणपणे अडीच सेंटिमीटर खोडाच्या हलक्या हत्यारापासून सहा सेंटिमीटरच्या जड हत्यारापर्यंत. दर्जा चांगला असतो, पण वाहतूक आणि कर धरून ती दोन एकरांच्या कामाला महाग पडतात. सासवडसारख्या गावात शेतीअवजारे बनवणारा वेल्डर हे काम करू शकतो. त्याला चार गोष्टी बजावून सांगाव्यात. जबड्याची पाती किमान 8 मिलिमीटर जाडीची असावीत. जबड्याला धारदार दाते नकोत, आडव्या उथळ खाचा हव्यात. धार असली की खोड पकडले जात नाही, कापले जाते. जोडाची खीळ 16 मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा बोल्ट असावा आणि तो बदलता यावा. दांडा जाड भिंतीच्या पाइपाचा, सव्वा मीटरच्या आसपास असावा. अधिक लांबीचा मोह धरला तर तो बुंध्याशी वाकतो. सगळे मिळून वजन आठ किलोच्या आत राहिले पाहिजे, कारण उतारावर ते दिवसभर हातात घेऊन चढावे लागते. चाळीस-पन्नास झुडपे काढून पाहिल्याशिवाय दुसरे हत्यार बनवायला टाकू नये.

तेही जमत नसेल तर घरातली पहार आणि एक सपाट दगड आहेच. दगडाचा टेकू करून, पहारीचे टोक बुडख्याखाली तिरके घालून उचलले तर मध्यम झुडूप निघते. पकड नसल्यामुळे एकाने खुंट धरून ओढावे लागते, म्हणजे माणसे दोन लागतात. माझा अनुभव असा, की मिश्र जाडीच्या रानात एक तरफ, एक टिकाव आणि एक कोयता असा तिघांचा गट सर्वांत बरा चालतो: कोयतेवाला पुढे छाटत जातो, तरफवाला निघेल ते काढतो, आणि मोडलेल्या किंवा अडलेल्या बुडख्यांना टिकाववाला मागून गाठतो. दर तासाला कामे बदलून घ्यावीत.

लगतची जमीन वनखात्याची असेल तर तिथे परवानगीशिवाय हात लावू नये, घाणेरी असली तरी. अभयारण्याच्या हद्दीत तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कोणतीही वनस्पती काढण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आपल्या हद्दीपर्यंत काम करून परिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. पलीकडून पक्षी बिया आणतच राहणार असल्याने हद्दीवरचा पट्टा तसाही सर्वांत शेवटी घ्यावा.

पुढची निदान तीन वर्षे ऑगस्ट आणि ऑक्टोबरात एकेक फेरी धरून ठेवावी. त्या फेऱ्यांना हत्यार लागत नाही. जिथे बुलबुल बसतात अशा झाडांखाली, कुंपणाच्या तारेखाली आणि बुजवलेल्या खड्ड्यांच्या कडेने पाहत जावे. घाणेरीचे रोप चार पानांचे असतानाच पान चुरडले की वासाने ओळखू येते आणि दोन बोटांनी निघते. एखाद्या खड्ड्यातून जुना बुडखाच फुटलेला दिसला, तर तो त्याच दिवशी टिकावाने काढावा आणि कोणत्या पट्ट्यात असे अधिक फुटले ते लिहून ठेवावे. तो पट्टा बहुधा कोरड्या मातीत घाईने काढलेला निघतो. पुढच्या वर्षीचा पट्टा कोणत्या आठवड्यात घ्यायचा हे त्या नोंदीवरून ठरवता येते.